शॉर्टकट चालेनासे झाले? कीबोर्ड बदलण्याआधी हे तपासा

कंट्रोल+सी चालत नाही, आल्ट+टॅब अडकून बसतो, विंडोजचं बटण दाबलं तरी काही उघडत नाही. अशी तक्रार निघाली की इंदूरात पाय आपोआप सिल्व्हर मॉलकडे नाहीतर जेल रोडकडे वळतात. "भिया, एक अच्छा कीबोर्ड दे दो" म्हणून नवा कीबोर्ड घरी येतो, दोन दिवस सगळं सुरळीत चालतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कीबोर्ड बदलताना मशीन एकदा बंद होऊन चालू झालेलं असतं. अडकलेली अवस्था त्यामुळे तेवढ्यापुरती सुटते आणि श्रेय नव्या कीबोर्डला मिळतं. मूळ कारण जिथल्या तिथे राहतं.

इथल्या घरांत हा बिघाड पुन्हापुन्हा येतो, त्याला एक खास कारण आहे. एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन प्रकारचं टायपिंग चालतं. मुलगी सीपीसीटीची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी नोकऱ्यांसाठी लागणाऱ्या कॉम्प्युटर-टायपिंग परीक्षेची, तयारी करते म्हणून हिंदीचा रेमिंग्टन गेल लेआउट (कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याची मांडणी) टाकलेला असतो, कुणी मंडळाचा अहवाल मराठीत काढतं म्हणून इनस्क्रिप्ट लेआउट असतो, बाकी व्यवहार इंग्रजीत. लेआउट बदलायची बटणं आणि शॉर्टकटची बटणं एकच असल्यामुळे त्यांची टक्कर होत राहते.

बटण दाबल्यापासून काम होईपर्यंत त्या दाबण्याला चार टप्पे पार करावे लागतात: कीबोर्ड, लेआउट, डेस्कटॉप (खिडक्या, टास्कबार सांभाळणारा भाग) आणि शेवटी तो प्रोग्राम. ते नेमकं कुठल्या टप्प्यावर हरवतं एवढं सापडलं की दुरुस्ती बहुधा दोन मिनिटांची असते. खालचा क्रम सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जातो. उड्या मारू नका. विंडोज फॉरमॅट करणं या यादीत कुठेच नाही, कारण त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

"शॉर्टकट चालत नाही" या एका वाक्यात निरनिराळे बिघाड दडलेले असतात. आपलं लक्षण यांपैकी कुठलं ते पाहा:

- एकाच प्रोग्राममध्ये चालत नाही, बाकी सगळीकडे चालतं. दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये.
- कंट्रोल+सी, कंट्रोल+व्ही चालतं, पण विंडोज+ई, विंडोज+डी, विंडोज+आर चालत नाही. दोष डेस्कटॉपमध्ये किंवा विंडोज बटणाच्या कुलपात.
- इंग्रजीत चालतं, मराठी-हिंदी टायपिंग चालू केलं की बंद पडतं. दोष लेआउटमध्ये.
- नुसतं एल दाबलं तरी स्क्रीन लॉक होते, ई दाबलं की फोल्डर उघडतं, माउसचं चाक फिरवलं की पान लहानमोठं होतं. एखादं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलंय.
- बटण सेकंदभर दाबून धरलं तरच अक्षर उमटतं. फिल्टर कीज, म्हणजे ओझरता दाब न मोजण्याची सोय, चालू झालंय.
- डाव्या कंट्रोलने होत नाही, उजव्याने होतं. दोष सरळ बटणाचा.
- आज चालतं, उद्या नाही, परवा पुन्हा चालतं. दोन प्रोग्राम एकाच शॉर्टकटवर हक्क सांगताहेत.

कंट्रोल+सीची तक्रार असेल तर आणखी एक खात्री करून घ्या. मजकूर निवडा, माउसचं उजवं बटण दाबून कॉपी करा आणि दुसरीकडे तसंच माउसने पेस्ट करा. तेही होत नसेल तर शॉर्टकट निर्दोष आहे, बिघाड क्लिपबोर्डमध्ये, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं साठतं त्या जागेत, आहे. दुसऱ्या मशिनशी रिमोटने जोडलेलं असताना हे फार होतं. जोडणी तोडून पुन्हा जोडली की बहुतेक वेळा भागतं.

पहिली तपासणी: दिवा आणि दोन्ही बाजूंची बटणं

नम लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागतो आणि पुन्हा दाबल्यावर विझतो का पाहा. तो दिवा कीबोर्ड आपल्या मर्जीने लावत नाही, कॉम्प्युटरकडून हुकूम आल्यावर लागतो. दिवा बदलला म्हणजे बटण कॉम्प्युटरपर्यंत पोचतंय आणि कॉम्प्युटर जागा आहे. दिवा ढिम्म असेल तर वायर काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावा, शक्यतो सीपीयूच्या मागच्या पोर्टमध्ये, मधे हब न घालता. जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड असेल तर मशीन बंद करूनच काढा-लावा. चालू मशिनवर तो ओळखला जाईलच असं नाही.

वायरलेस कीबोर्ड असेल तर सेल बदला आणि डोंगल सीपीयूच्या पुढच्या पोर्टमध्ये, कीबोर्डच्या समोर येईल असं लावा. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. शेजारच्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावलेला असला की त्याचा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. मग कंट्रोल पोचतं, सी पोचत नाही, आणि आपण शॉर्टकटला दोष देत बसतो.

आता कंट्रोल, आल्ट, शिफ्ट ही बटणं डावी-उजवी दोन्ही, एकेकदा हलकेच दाबून सोडा. विंडोजचं बटणही दोनदा दाबा. ही टोटक्यासारखी वाटणारी कृती खरोखर काम करते. रिमोटची खिडकी किंवा एखादा गेम आल्ट दाबलेलं असतानाच बंद झाला, तर बटण सोडल्याची खबर डेस्कटॉपला मिळतच नाही, आणि तो आल्ट अजून दाबलेलाच आहे असं धरून चालतो. तेच बटण पुन्हा दाबून सोडलं की हिशेब जुळतो.

दुसरी: स्टिकी कीज आणि फिल्टर कीज

टायपिंग शिकणाऱ्यांच्या मशिनवर सर्वांत आधी इथेच पाहावं. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज (कंट्रोल, शिफ्ट धरून न ठेवता बटणं एकामागून एक दाबायची सोय) चालू करायची विचारणा येते. उजवं शिफ्ट ८ सेकंद धरून ठेवलं की फिल्टर कीजची. देवनागरी टायपिंगला शिफ्ट भरपूर लागतं. इनस्क्रिप्टमध्ये क साध्या बटणावर आहे, ख त्याच बटणावर शिफ्टसह. डाव्या हाताखालचं अक्षर शोधताना नवशिक्याचं बोट उजव्या शिफ्टवर रेंगाळतं, आठ सेकंद सहज भरतात, विचारणेची चौकट उघडते. त्याच क्षणी टायपिंगच्या ओघात स्पेस किंवा एंटर दाबलं जातं. चौकटीत 'हो' आधीच निवडलेलं असतं. चौकट आली कधी आणि गेली कधी हेही कळत नाही, आणि त्यानंतर प्रत्येक शॉर्टकट मरगळलेला वाटतो.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जा. विंडोज १०मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या जागी ईझ ऑफ ॲक्सेस असतं. तिथे स्टिकी कीज आणि फिल्टर कीज दोन्ही बंद करा. एवढ्यावर थांबू नका. त्या दोन्हींच्या खाली 'शॉर्टकटने चालू होऊ द्या' अशा अर्थाचा वेगळा पर्याय असतो, तोही बंद करा. तो तसाच राहिला तर आठवड्याभरात दुखणं परत येतं.

उबंटू लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्येही पाच शिफ्ट आणि आठ सेकंदांचा हाच प्रकार आहे, पण कीबोर्डवरून चालू होऊ देणारा पर्याय लावलेला असेल तरच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, टायपिंग इथे तो सापडतो. फिल्टर कीजला तिथे स्लो कीज म्हणतात.

घरात कुणाला हाताच्या थरथरीमुळे किंवा एका हातानेच काम करावं लागत असल्यामुळे या सोयी खरोखर लागत असतील, तर बंद करण्याआधी त्यांना विचारा. त्यांच्यासाठी वेगळं यूजर खातं काढणं सगळ्यांत चांगलं.

तिसरी: फंक्शन लॉक आणि विंडोज बटणाचं कुलूप

लॅपटॉपवर एफ५ने पान ताजं होत नाही, उलट उजेड किंवा आवाज बदलतो, आल्ट+एफ४ने खिडकी बंद होत नाही. अशा वेळी फंक्शन लॉक उलटा झालेला असतो. बऱ्याच लॅपटॉपांत एफएन+एस्केप दाबून तो बदलतो. एस्केपवर कुलपाचं छोटं चित्र आहे का बघा. काही मॉडेलांत ही सोय फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, असते.

गेमिंग कीबोर्डवर खेळताना चुकून स्टार्ट मेनू उघडू नये म्हणून विंडोज बटणाला कुलूप दिलेलं असतं. बहुधा एफएन+विंडोज, काहींवर वेगळं बटण. असा कीबोर्ड ऑफिसकामाला वापरणाऱ्याला ते ठाऊकही नसतं. विंडोजचा एकही शॉर्टकट चालत नाही आणि बाकी सगळं ठीक आहे, तर आधी हे कुलूप पाहा.

चौथी: लेआउट. इथे घाई करू नका

इथल्या घरांत आणि टायपिंग क्लासांत शॉर्टकटच्या तक्रारी बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

विंडोजमध्ये घड्याळाशेजारी ईएनजी, हिं, म असं काही दिसतं. विंडोज+स्पेस दाबलं की लेआउटची यादी उघडते. यादीत काय काय आहे ते मोजा. तीनपेक्षा जास्त लेआउट दिसले तर नको ते काढून टाका. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे भाषेसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, कीबोर्ड्स. लेआउट जितके कमी तितकी गफलत कमी.

यात एक लेआउट फसवा आहे: इंग्लिश (इंडिया). दिसायला तो साधा अमेरिकन इंग्रजीसारखाच, पण त्यात उजव्या आल्टचं काम बदललेलं असतं. उजवं आल्ट+४ दाबलं की ₹ उमटतो, उजवं आल्ट+ए दाबलं की डोक्यावर आडवी रेघ असलेला ā येतो. सोय चांगली आहे, पण किंमत अशी की या लेआउटमध्ये विंडोज उजव्या आल्टला 'कंट्रोल आणि आल्ट एकत्र' असं समजतं. परिणाम हातासरशी पाहता येतो. डाव्या आल्टने आल्ट+टॅब करा: बोट उचललं की खिडक्यांची पट्टी जाते. उजव्या आल्टने करा: पट्टी स्क्रीनवर तशीच बसून राहते, कारण विंडोजला कंट्रोल+आल्ट+टॅब पोचलं आणि त्याचा अर्थच 'पट्टी उघडी ठेव' असा आहे. आल्ट+एफ४चंही तसंच, उजव्या आल्टने खिडकी बंद होत नाही. उलट बाजूने, एखाद्या प्रोग्रामला तुम्ही कंट्रोल+आल्ट+ए असा शॉर्टकट दिला असेल तर तिथे काम होण्याऐवजी ā उमटू शकतो. उपाय दोनच. शॉर्टकटसाठी डावं आल्ट वापरायची सवय लावा, किंवा लेआउट इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) करून घ्या आणि ₹साठी दुसरी सोय पाहा. बिलं-पावत्या करणाऱ्याने पहिला उपाय घ्यावा, त्याला ₹ रोज लागतो.

दुसरी टक्कर लेआउट बदलण्याच्या बटणांची. विंडोजमध्ये डावं आल्ट+शिफ्टने भाषा बदलते, आणि जुन्या सवयीच्या मशिनांवर कंट्रोल+शिफ्टनेही लेआउट बदलायला लावलेलं असतं. आता कंट्रोल+शिफ्ट+व्ही दाबताना व्हीपर्यंत बोट पोचायच्या आत पहिली दोन सुटली, की पेस्ट होत नाही आणि वर लेआउट बदलून बसतो. पुढचा शब्द भलत्याच लिपीत उमटतो आणि माणूस गोंधळतो. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथून इनपुट लँग्वेज हॉट कीज. 'चेंज की सीक्वेन्स' उघडून दोन्ही ठिकाणी 'नॉट असाइन्ड' निवडा. विंडोज+स्पेस उरतोच, आणि लेआउट बदलायला तेवढा पुरेसा आहे.

लिनक्स मिंट किंवा उबंटू वापरणाऱ्यांसाठी गोष्ट थोडी वेगळी. विंडोजच्या स्वतःच्या इनस्क्रिप्टमध्ये कंट्रोल+सी सहसा बिघडत नाही, कारण बटणाचं आतलं नाव सीच राहतं आणि फक्त उमटणारं अक्षर बदलतं. लिनक्समध्ये पुष्कळ प्रोग्राम उमटणाऱ्या अक्षराकडे बघतात. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या बटणावर म आहे आणि व्हीच्या बटणावर न. यादीत एकटाच देवनागरी लेआउट ठेवला असेल तर प्रोग्रामला 'कंट्रोल+म' मिळतं, आणि तसा शॉर्टकट त्याच्याकडे नसतो. यादीत इंग्रजी लेआउट असला की बरेचसे प्रोग्राम त्याच्या आधाराने सीच समजून घेतात. म्हणून सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स इथे इंग्रजी लेआउट ठेवाच आणि तो सर्वांत वर ठेवा. इंग्रजी येत नाही किंवा लागत नाही म्हणून तो काढून टाकू नका.

मिंटमध्ये लेआउट्सच्याच पानावर ऑप्शन्समध्ये लेआउट बदलण्याचं बटण ठरवता येतं. तिथे आल्ट+शिफ्टवर खूण असेल तर आल्ट+शिफ्ट+टॅब, म्हणजे खिडक्यांमधून उलट्या दिशेने जाणं, बिघडतं. खूण काढून विंडोज+स्पेस लावा. लिनक्समध्ये विंडोज बटणाला सुपर म्हणतात, पर्याय त्या नावाने शोधा.

मराठी टायपिंगची वेगळी सॉफ्टवेअरं असतील तर त्यांचंही चालू-बंद करण्याचं बटण पाहून घ्या. काहींत ते स्क्रोल लॉक असतं. स्क्रोल लॉक चालू राहिलं की एक्सेलमध्ये बाणाच्या बटणांनी सेल बदलण्याऐवजी अख्खं पान सरकतं, आणि एक्सेल बिघडलं असं वाटतं. काही साधनं कंट्रोल+स्पेस अडवतात, जो एक्सेलमध्ये पूर्ण कॉलम निवडण्याचा शॉर्टकट आहे. असं साधन मिनिटभर पूर्ण बंद करून पाहा. शॉर्टकट परतला तर चोर सापडला. साधन काढून टाकायची गरज नाही, त्याचं बटण बदला.

पाचवी: ऑन-स्क्रीन कीबोर्ड

विंडोज+कंट्रोल+ओ दाबा. ते चालत नसेल तर स्टार्टमध्ये माउसने ऑन-स्क्रीन कीबोर्ड शोधा. आता खरा कीबोर्ड दाबलात की स्क्रीनवरचं तेच बटण उजळतं. कंट्रोल धरा, मग शिफ्ट धरा, मग अक्षर दाबा. तिन्ही उजळली आणि तरी काम झालं नाही, तर कीबोर्ड निर्दोष आहे, पुढच्या तपासणीकडे चला. काही न दाबताही एखादं बटण उजळलेलं दिसलं तर ते अडकलंय. तिसरं बटण उजळतच नसेल पण एकटं दाबल्यावर उजळत असेल, तर ती स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डची मर्यादा आहे. त्यात बटणांच्या तारा आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असतात आणि ठरावीक तीन बटणं एकत्र वाचता येत नाहीत. अशा वेळी एका बाजूच्या कंट्रोल-शिफ्टऐवजी दुसऱ्या बाजूची वापरून पाहा, पुष्कळदा जमतं.

उलटी तपासणीही करा: स्क्रीनवरच्या कीबोर्डवर माउसने कंट्रोल आणि मग सी दाबा. याने कॉपी झालं आणि खऱ्या कीबोर्डने होत नाही, तर दोष हार्डवेअरचा. चारपाचशे रुपयांचा साधा यूएसबी कीबोर्ड घ्यायची वेळ आता आली, आधी नाही. दुकानात जाण्याआधी शेजाऱ्यांचा कीबोर्ड दहा मिनिटं मागून आणा, म्हणजे खात्री पटेल.

लिनक्समध्ये कंट्रोल+आल्ट+एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं आणि तिथे अक्षरं नीट उमटली तर कीबोर्ड ठीक आहे, घोळ डेस्कटॉपमध्ये. परत यायला मिंटमध्ये बहुधा कंट्रोल+आल्ट+एफ७, उबंटूत एफ१ किंवा एफ२.

सहावी: डेस्कटॉप अडकला आहे का

विंडोज+ई, विंडोज+आर, विंडोज+डी यांची जबाबदारी विंडोज एक्स्प्लोररकडे असते. तो अडकला की ही सगळी एकदम मरतात, कंट्रोल+सी मात्र चालत राहतं. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत विंडोज एक्स्प्लोरर शोधून रीस्टार्ट करा. टास्कबार क्षणभर जाऊन परत येतो. उघड्या फायलींना धक्का लागत नाही, फोल्डरच्या खिडक्या मात्र बंद होऊ शकतात.

टास्क मॅनेजरही उघडत नसेल तर कंट्रोल+आल्ट+डिलीट करून पाहा. हा शॉर्टकट विंडोज स्वतःकडे राखून ठेवतं, कुठलाही साधा प्रोग्राम तो अडवू शकत नाही. तो चालला आणि बाकीचे नाहीत, तर कुणीतरी मधे बसलंय हे नक्की.

लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये कंट्रोल+आल्ट+एस्केपने डेस्कटॉप नव्याने सुरू होतो, काम उघडंच राहतं. ग्नोमवर नवी आवृत्ती टाकल्यावर जुनं शॉर्टकटचं साधन एकाएकी मुकं झालं असेल तर कारण वेलँड, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी लिनक्सची नवी पद्धत, असू शकतं. जुन्या एक्स पद्धतीत कुठलाही प्रोग्राम सगळ्या कीबोर्डवर कान ठेवू शकत असे. वेलँड सुरक्षिततेसाठी ते करू देत नाही. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. तो शॉर्टकट डेस्कटॉपच्या स्वतःच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये नव्याने बांधा. लिनक्सचा एक्सएफसीई डेस्कटॉप वापरत असाल तर लक्षात घ्या की शॉर्टकट दोन ठिकाणी असतात: प्रोग्राम उघडण्याचे कीबोर्डमध्ये, खिडक्या हलवण्याचे विंडो मॅनेजरमध्ये. एकाच ठिकाणी शोधून 'नाहीच' असं ठरवू नका.

सातवी: दोन प्रोग्राम, एक शॉर्टकट

विंडोजमध्ये सगळीकडे चालणारा शॉर्टकट जो प्रोग्राम आधी नोंदवतो त्याचा होतो. मागून येणाऱ्याला नकार मिळतो, पण बहुतेक प्रोग्राम तो नकार तुम्हाला सांगत नाहीत. मशीन चालू होताना कोण आधी जागा झाला यावर सगळं ठरतं, म्हणून असा बिघाड एक दिवसाआड दिसतो.

नेहमीचे दावेदार असे: ग्राफिक्स कार्डचे प्रोग्राम (आल्ट+झेड, आल्ट+आर), जुन्या इंटेल ड्रायव्हरांचं स्क्रीन फिरवणं (कंट्रोल+आल्ट+बाण), स्क्रीनशॉटची साधनं, आणि व्हिडिओ कॉलचे प्रोग्राम. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्सचं पान उघडा, त्यातले अर्धे बंद करून मशीन पुन्हा चालू करा. शॉर्टकट परतला तर दोषी बंद केलेल्या अर्ध्यात, नाही तर उरलेल्या अर्ध्यात. पुन्हा अर्धे करा. दहा-बारा प्रोग्राम असले तरी तीन-चार फेऱ्यांत नाव हाती लागतं. अँटिव्हायरस आणि टचपॅडचा प्रोग्राम मात्र बंद करू नका.

पॉवरटॉइजसारखं बटणं बदलणारं साधन टाकलेलं असेल तर त्यातली कीबोर्ड मॅनेजरची यादी पाहा. कुणीतरी कधीतरी एक बटण दुसऱ्यावर बांधलेलं असतं आणि सगळे विसरलेले असतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशिनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उजवं कंट्रोल मूळ मशिनने राखून ठेवलेलं असतं, आत ते पोचत नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये खिडकी पूर्ण स्क्रीनवर नसेल तर विंडोज बटणाचे शॉर्टकट साधारणपणे तुमच्याच मशिनवर चालतात, समोरच्या नाही.

दोष एकाच प्रोग्रामपुरता असेल तर त्याचे शॉर्टकट मूळ जागी आणा. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, खाली कीबोर्ड शॉर्टकट्ससमोरचं कस्टमाइझ, मग रीसेट ऑल. लिबरऑफिसमध्ये टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड, रीसेट. आपण स्वतः बांधलेले शॉर्टकट यात पुसले जातात. आधी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आठवी: नवं यूजर खातं

इथवर काही सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्स इथून एक नवं खातं काढा आणि त्यात शिरून तोच शॉर्टकट पाहा. चालला तर मशीन आणि विंडोज दोन्ही ठीक, घोळ तुमच्या जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये. तिथेही नाही चालला तर घोळ सगळ्या मशिनचा, म्हणजे ड्रायव्हर, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदललेला बटणांचा नकाशा किंवा ऑफिसने घातलेली बंदी. ही एक तपासणी पुढचे कित्येक तास वाचवते, आणि दुरुस्तीवाल्याला सांगायलाही हीच सर्वांत उपयोगी माहिती आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडलं असेल तर वरचं काहीही करू नका. चार्जर काढा, बटण दाबून धरून मशीन बंद करा, चालू करून 'बघू तर खरं' म्हणू नका. ओल असताना आतून वीज वाहिली की बोर्ड जळू शकतो. तांदळात ठेवल्याने आतली साखर आणि दूध निघत नाही. त्याच दिवशी दुरुस्तीला द्या.

कीबोर्ड बायोसमध्येही चालत नसेल, दुसऱ्या मशिनवर चालत असेल आणि एकही यूएसबी पोर्ट त्याला ओळखत नसेल, तर दोष मदरबोर्डकडे जातो. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्डही स्वतः उघडू नका. बऱ्याच मॉडेलांत तो वरच्या पत्र्याला प्लास्टिकच्या खिळ्यांनी पक्का केलेला असतो. तोवर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून काम चालवता येतं.

बँक, शाळा किंवा सरकारी कचेरीच्या मशिनवर विंडोज बटणाचे शॉर्टकट मुद्दाम बंद केलेले असू शकतात. रजिस्ट्रीला हात न लावता तिथल्या सिस्टिमवाल्यांना सांगा. घरच्या मशिनवरही, बॅकअप कसा घ्यायचा आणि परत कसा टाकायचा हे येत नसेल तर रजिस्ट्री त्याच माणसाकडून बदलून घ्या ज्याला येतं. परीक्षा केंद्रावर शॉर्टकट अडला तर सेटिंग उघडायला जाऊ नका, हात वर करून पर्यवेक्षकांना बोलवा.

नेटवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करून कुणा अनोळखी माणसाला रिमोटने मशिनमध्ये घेऊ नका. शॉर्टकट दुरुस्त करायला तुमचा ओटीपी किंवा बँकेचं पान कधीच लागत नाही. ते मागितलं गेलं की फोन ठेवा आणि इंटरनेटची वायर काढा.

दुकानात मशीन नेताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या: कुठला शॉर्टकट, कुठल्या प्रोग्राममध्ये, कुठला लेआउट चालू असताना, आणि नव्या खात्यात चालला की नाही. शेवटी स्पष्ट सांगा की फॉरमॅट करायचं झालं तर आधी फोन करा.